झाडांचं पाणी वाढव

हुळेगावात एक व्यापारी होता. त्याच्या तोंडून 'संपलं' हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता.

त्याचं नाव रेवप्पा. गूळ, हळद, धने, हिंग असा कोरडा माल तो विकायचा. दुकानातला गूळ सरला की गिऱ्हाइकाला सांगायचा, "गूळ वाढलाय, परवा या." नवखं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. गूळ वाढलाय तर परवा कशाला, आत्ताच द्या की! मग ओट्यावर बसलेला कुणीतरी हसून समजावायचा. दुकानदारानं दुकानात 'संपलं' म्हणू नये, 'बंद' म्हणू नये. लक्ष्मी ऐकत असते. म्हणून दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी फळ्या लावून कुलूप घातलं की दुकान वाढवलं म्हणतात.

ही रीत सगळ्याच दुकानदारांची. पण रेवप्पानं ती जरा जास्तच मनावर घेतली होती. तो घरातही तसंच बोलायचा. जेवताना टोपलीत हात घालून म्हणायचा, "भाकरी वाढल्या वाटतं." त्याची बायको शांतव्वा मोठी मिस्कील. ती म्हणायची, "वाढल्यात ना? मग वाढा की तुमच्याच ताटात." आणि हसत हसत पुन्हा परात पुढे ओढायची.

रेवप्पाची शाळा दोन इयत्तांची, पण माल ओळखण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून ते किती सालाचं ते सांगायचा. आणि गोष्टी? गोष्टींची तर त्याच्याकडे पोतीच होती. त्याच्या चुलत्याची गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. चुलत्यानं म्हणे एकदा उत्तम काबुली हिंग आणला. इतका उत्तम, की विकायला मन होईना. डबीत घातला, डबी डब्यात, डबा पेटीत. दहा वर्षांनी नातीच्या लग्नाला पेटी उघडली, तर आत खडा होता, पण वास नव्हता. आमटीत टाकला तर खड्याची चव लागली.

"माल दुकानात शोभत नाही," रेवप्पा शेवटी बोट वर करून म्हणायचा, "माल गिऱ्हाइकाच्या चुलीवर शोभतो."

लोक माना डोलवायचे. रेवप्पाही स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मान डोलवायचा.

घरामागे लहानसं परस होतं. त्यात शांतव्वानं लावलेली चार झाडं होती. एक मोगरा, एक डाळिंब, एक कढीपत्ता आणि एक कागदी लिंबू. लिंबाच्या झाडावर तिचा विशेष जीव. उन्हाळ्यात दुकानापुढे गाडीवान बैल सोडून टेकले, की ती आतून लिंबाच्या सरबताची कळशी पाठवायची. हुळेगावचं पाणी खोल. आडातून एक घागर वर यायची तर बाईच्या दंडाला गोळे यायचे. तरी शांतव्वा भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी जपून झाडांना घालायची. घालायची म्हणजे काय, वाढायचीच. पदर खोचून, तांब्या हातात घेऊन एकेका झाडापाशी वाकायची. रेवप्पानं जेवणाची घाई केली तर म्हणायची, "थांबा जरा. आधी त्यांना वाढते, मग तुम्हाला."

एका पौष महिन्यात शांतव्वा तापानं अंथरुणाला खिळली. ती उठली नाही. जाण्याआधी दोन दिवस तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि एकच गोष्ट मागितली.

"माझ्या झाडांना उन्हाळ्यात उपाशी ठेवू नका."

"नाही ठेवणार," रेवप्पा म्हणाला.

ती लिंगैक्य झाली. लोक भेटायला येत, रेवप्पा ओट्यावर बसून राही. काय झालं, कसं झालं, ते सगळं तो सांगे. 'संपलं' हा शेवटचा शब्द मात्र त्याच्या तोंडून निघत नसे.

वचन दिलं होतं आणि रेवप्पा वचनाचा पक्का होता. त्यानं इमाम गवंड्याला बोलावून परसात टाकं बांधायला सांगितलं. सहा हात लांब, चार हात रुंद, पाच हात खोल. दगड आणि चुना. घराचं छत म्हणजे मातीचं सपाट माळवद. इमामनं त्याला एका कोपऱ्याकडे उतार दिला, तिथे पत्र्याची पन्हळ बसवली, पन्हळीखाली वाळू आणि कोळशाचा खड्डा केला. माळवदावर पडलेला पाऊस पन्हळीतून खड्ड्यात यायचा, तिथे गाळून टाक्यात उतरायचा. टाक्यावर सागवानी झाकण, म्हणजे ऊन पाणी पिणार नाही.

काम झाल्यावर इमाम म्हणाला, "शेटजी, तीन गोष्टी सांगतो. सुरुवातीच्या दोन पावसांचं पाणी टाक्यात घेऊ नका, बाहेर सोडा. ती माळवदाची आंघोळ. खड्ड्यातली वाळू दर साली बदला. आणि मृगाच्या आधी एकदा टाकं पार रिकामं करा. टाक्यानं वर्षातून एकदा तळ दाखवला पाहिजे."

रेवप्पानं दोन गोष्टींना मान हलवली. तिसरी त्याच्या कानाला रुचली नाही. रिकामं हा शब्दच त्याला नको होता.

त्या पावसाळ्यात टाकं काठोकाठ भरलं. रेवप्पानं झाकण उचलून आत पाहिलं. काळंशार, गार, हलतही नसलेलं पाणी. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसला. त्याला वाटलं, शांतव्वा, तुझ्या झाडांची सोय झाली.

फाल्गुन सरता सरता झाडांची पानं मलूल झाली. रेवप्पानं पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला रोज एक बादली दिली. आठव्या दिवशी झाकण उघडून पाहतो तर पाणी काठापासून वीतभर खाली गेलेलं. त्याला धास्ती बसली. दुकानातल्या पोत्याचा तळ दिसू लागला की बसायची, तशीच. त्यानं बादलीची अर्धी बादली केली. अर्ध्या बादलीची कळशी केली. वैशाखात कळशीचा तांब्या झाला, तोही एका दिवसाआड. झाकणाला त्यानं कुलूप लावलं. दर सोमवारी दोरीला दगड बांधून आत सोडायचा, आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजायचा. वीतभर. सव्वा वीत. फार तर दीड वीत. त्याला समाधान वाटायचं.

त्या वैशाखात मोगरा गेला.

"पुढचा उन्हाळा याहून कडक निघाला तर?" रेवप्पा स्वतःशी म्हणाला. "पाणी हाताशी असलेलं बरं. मोगरा काय, पुन्हा लावता येईल."

पावसाळा आला. टाकं जवळजवळ भरलेलंच होतं. दोन सरींत ते काठाला लागलं आणि पुढचा सगळा पाऊस पन्हळीवरून थेट बोळात वाहून गेला. इमामनं सांगितलेली माळवदाची आंघोळ रेवप्पा विसरला. वाळू बदलायची तर खड्डा दोन दिवस उघडा ठेवावा लागणार आणि तेवढ्यात एखादी सर हुकली तर? त्यानं वाळूही तशीच ठेवली.

दुसऱ्या वैशाखात डाळिंब वाळलं. टाक्यात पाणी काठापासून दीड वीत खाली होतं.

रेवप्पा कंजूष होता का? नव्हता. गावातल्या कुणाच्याही मुलीच्या लग्नात गुळाची ढेप त्याच्याकडून जायची. पण हे टाकं त्याच्या मनात वेगळ्याच जागी जाऊन बसलं होतं. टाकं भरलेलं आहे तोवर वचन पाळायचं आहे. वचन पाळायचं आहे तोवर शांतव्वाचं काहीतरी अजून व्हायचं आहे. ते त्याला कुणाला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

तिसऱ्या वर्षी रेवप्पाच्या मुलाचं, सिद्रामचं, लग्न झालं. सिद्राम सोलापुरात मास्तर होता. तिथे खोली मिळेपर्यंत सून हुळेगावात सासऱ्याकडे राहिली. सुनेचं नाव नीलांबिका. माहेर कृष्णाकाठी, पानमळ्याचं. नागवेलीच्या सावलीत वाढलेली पोर, पाणी मोजूनमापून द्यायचं तिच्या अंगात मुरलेलं.

पहिल्याच दिवशी ती परसात गेली. रेवप्पा भर दुपारी लिंबाच्या खोडावर तांब्या ओतत होता. पाणी साल भिजवून जमिनीवर आलं आणि बघता बघता तिथला ओलेपणाही उडून गेला.

"मामा, झाडाला तहान मुळाशी लागते," ती हळूच म्हणाली. "आणि पाणी ऊन उतरल्यावर द्यावं."

"तुमच्याकडं नदी आहे, पोरी. इथं टाकं आहे," रेवप्पा म्हणाला. आणि तिला कौतुकानं टाकं दाखवलं. कुलूप काढून, झाकण उचलून. नीलांबिकेनं आत पाहिलं, मग मागे वळून लिंबाकडे पाहिलं. लिंबाची पानं द्रोणासारखी वळली होती. ती पदर खोचून चुलीकडे वळली. नवी सून होती.

चैत्राच्या अखेरीस इंडी गावाहून निरोप आला. रेवप्पाची बहीण पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. रेवप्पानं दुकान वाढवलं, पिशवी भरली, किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला. शेजारची निंगव्वा म्हातारी तिला सोबत म्हणून येऊन राहणार होती.

उंबऱ्यावर रेवप्पा थांबला. आभाळ तापून पांढरं पडलं होतं. त्याला टाक्याची काळजी वाटली. तो एका दिवसाआडचा तांब्यासुद्धा आता त्याला जास्त वाटू लागला. बाहेरगावी निघताना 'बंद' हा शब्द उच्चारायचा म्हणजे भलताच अपशकुन. तो म्हणाला, "यंदाचा उन्हाळा कडक दिसतोय. झाडांचं पाणी वाढव."

"वाढवते, मामा," नीलांबिका म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. रेवप्पाला वाटलं, सून मोठी आज्ञाधारक आहे.

आठ दिवसांसाठी गेलेला रेवप्पा दीड महिना अडकला. बहिणीचं दुखणं लांबलं. तिची सेवा करता करता त्याच्या मनात रोज टाकं यायचं. सोमवारी तर हटकून. तिथे असतो तर आज दगड सोडला असता. आता किती असेल? काठापासून दीड वीत असेल. फार तर दोन.

ज्येष्ठ लागल्यावर तो परतला. गाडीतून उतरून बोळात वळला आणि मध्येच थबकला. वास येत होता. लिंबाच्या फुलांचा. तीन वर्षांत त्या बोळात तो वास आला नव्हता. रेवप्पाचे पाय आपोआप भरभर पडू लागले. घरात न शिरता तो बाजूच्या दारानं सरळ परसात गेला.

लिंबू फुलांनी पांढरं झालं होतं. नवी पालवी इतकी कोवळी, की ऊन तिच्यातून आरपार दिसत होतं. कढीपत्ता हातभर वर गेला होता. वाळलेल्या डाळिंबाच्या बुडातून बोटभर लालसर कोंब निघाला होता. मोगऱ्याची जागा तेवढी मोकळी होती. प्रत्येक झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलं होतं आणि लिंबाच्या दोन्ही अंगांना मडकी मानेपर्यंत पुरली होती, वर झाकण्या ठेवून.

क्षणभर रेवप्पाला भरून आलं. दुसऱ्या क्षणी तो टाक्याकडे धावला. त्यानं झाकण उचललं, दोरी सोडली. दोरी गेली, गेली, आणि दगड थपकन कशावर तरी बसला. पाण्याचा आवाज आलाच नाही.

"नीले!" त्याची हाक तीन घरं ऐकू गेली. "टाक्याचं काय केलंस?"

नीलांबिका धावत आली. तिच्यामागून निंगव्वा, काठी टेकत.

"तुम्ही सांगितलं तेच, मामा. झाडांचं पाणी वाढवलं. रोज ऊन उतरल्यावर आठ-दहा बादल्या. मडकी भरून ठेवली की मूळ आपल्याला हवं तेवढं पितं. उरलं ते निंगव्वाआज्जींच्या वांग्यांना दिलं."

"वांग्यांना?" रेवप्पाचा आवाज फाटला. "अगं, वाढव म्हणजे... दुकान वाढवतो तसं वाढव! मी पाणी..." शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला.

निंगव्वाला हसू आवरेना. "शेटजी, दुकानातली भाषा परसात कशाला नेली? झाडाला काय कळतंय, तुमची लक्ष्मी ऐकते ते?"

रेवप्पा कट्ट्यावर बसला. राग होता, पण तो कुणावर काढणार? शब्द त्याचाच. पोर नवखी, वेलीच्या घरातली, तिला दुकानाची बोली कुठून ठाऊक असणार? त्यानं सुस्कारा सोडला. म्हणाला, "असू दे. तुझी चूक नाही. जीभ माझीच."

गोष्ट इथेच मिटली असती. निंगव्वानं सुनेला डोळ्यांनी खूणही केली, की आता गप्प बस. पण नीलांबिका पुढे आली.

"मामा, खोट्यावर राहायला नको. पहिले दोन दिवस मला खरंच कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आज्जींनी सांगितलं, तुमच्या बोलीत वाढव म्हणजे थांबव. त्यानंतरचं सगळं पाणी मी समजून दिलं."

लिंबावरच्या मधमाश्यांचा आवाज तेवढा येत होता.

"समजून?" रेवप्पा उठून उभा राहिला. "मग थांबली का नाहीस?"

"लिंबाची पानं गळायला लागली होती. तुम्हाला विचारायचं तर तुम्ही इंडीला. तुमची वाट मी बघितली असती, मामा. झाडाला ती बघता येत नव्हती."

रेवप्पाच्या कपाळाची शीर उडू लागली. तीन वर्षं जपलेलं. सोमवारमागून सोमवार मोजलेलं. "उद्या सकाळच्या गाडीनं तुला माहेरी पोचवतो," तो म्हणाला. "सिद्रामला खोली मिळाली की तो तिकडूनच घेऊन जाईल."

नीलांबिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान हलवली. दिवस कलल्यावर आडावरून एक घागर शेंदून आणली आणि लिंबाजवळची दोन्ही मडकी भरून ठेवली.

सकाळ झाली. रेवप्पा शिडी घेऊन टाक्यापाशी आला. पाच हात खोलीचं टाकं, दगड तीन हातांवर बसला होता; म्हणजे खाली अजून काहीतरी असणार, असा त्याचा व्यापारी हिशेब. दगड कचऱ्यावर अडला असेल, त्याखाली उरलंसुरलं पाणी असेल, ते तरी बादलीनं काढून घ्यावं. त्यानं धोतर खोचलं आणि तो शिडीवरून उतरला.

शेवटच्या पायरीवरून त्यानं पाय खाली टाकला आणि तो मांडीपर्यंत रुतला.

चिखल होता. माळवदाची माती, कबुतरांची पिसं, कुजलेला पाला, कोळशाची पूड, सगळं एक होऊन घट्ट बसलेलं. त्याचा आंबट, जुना वास. रेवप्पानं हात घालून तळ चाचपला. दोन हात गाळ. पाच हातांच्या टाक्यात दोन हात गाळ!

तो तसाच उभा राहिला. वरून उजेडाचा एक चौकोन त्याच्या डोक्यावर पडला होता. तीन वर्षं तो काठापासून खाली मोजत आला होता. तळापासून वर त्यानं कधी मोजलंच नाही. पाणी वर दिसत होतं आणि खालून गाळ त्याची जागा खात होता. दर पावसाळ्यात आभाळ नवं पाणी घेऊन दारात येत होतं, आणि टाक्यात जागा नाही म्हणून बोळातून निघून जात होतं. ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं, त्यांतली दोन झाडं काठोकाठ भरलेल्या टाक्यापासून दहा पावलांवर वाळली होती. मोगरा तर परत यायचाही नव्हता.

त्याला चुलत्याची पेटी आठवली. डब्यात डबी. ती गोष्ट त्यानं शंभरदा सांगितली होती, आणि दर वेळी लोकांबरोबर हसला होता.

"मी चिखलाला कुलूप लावलं होतं," तो पुटपुटला. टाक्याच्या भिंतींनी ते वाक्य त्यालाच परत ऐकवलं.

मग त्याला आणखी एक आवाज आठवला. आधी त्यांना वाढते, मग तुम्हाला. रेवप्पानं चिखलाचे हात तसेच तोंडावर धरले. तीन वर्षांत रडला नव्हता तेवढं तो तिथे रडला.

वर आला तेव्हा नीलांबिका ओट्यावर ट्रंक घेऊन बसली होती. चिखलानं माखलेला सासरा बघून ती घाबरून उभी राहिली.

"मामा! पडलात का?"

"पडलो होतो," रेवप्पा म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. ती ट्रंक आत ठेव, पोरी. आणि येताना फावडं घेऊन ये."

त्याच दिवशी इमाम गवंड्याला निरोप गेला. तो आला, टाक्यात डोकावला, दाढी खाजवत म्हणाला, "शेटजी, तळ दिसला म्हणायचा एकदाचा."

"दिसला, इमामभाई. तुमचे शब्द तीन वर्षं उशिरा कानात शिरले."

चार दिवस गाळ उपसणं चाललं. तो गाळ वाया गेला नाही. नीलांबिकेनं तो लिंबाला, कढीपत्त्याला, डाळिंबाच्या कोंबाला घातला, उरला तो निंगव्वाच्या वाफ्यात गेला. खड्ड्यातली वाळू बदलली. इमामनं तळाची एक भेग चुन्यानं बुजवली. टाकं भरलेलं असतं तर ती कुणाला कधी दिसलीच नसती. पाऊस यायला अजून बारा-तेरा दिवस होते. तेवढे दिवस रेवप्पा स्वतः आडावर जाऊन लिंबासाठी रोज दोन घागरी शेंदून आणायचा. या वयात शेटजी घागर उचलतायत म्हणून आडावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. रेवप्पाच्या दंडाला गोळे यायचे. त्या गोळ्यांतून त्याला शांतव्वाचे तीस उन्हाळे उमगले.

पाऊस आला. पहिल्या दोन पावसांचं पाणी रेवप्पानं पन्हळीचं तोंड फिरवून बाहेर सोडलं. माळवदाची आंघोळ होऊ दिली. मग पन्हळ टाक्याकडे वळवली. श्रावणात टाकं भरलं, यंदा पाचही हात. बोळात फारसं पाणी गेलं नाही. झाकणाचं कुलूप त्यानं काढून दुकानाच्या दाराला लावलं.

दिवाळीनंतर सिद्रामला खोली मिळाली. नीलांबिका सोलापूरला निघाली तेव्हा रेवप्पा तिच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेला. हातात लिंबांची पिशवी होती.

"मामा, उन्हाळ्यात झाडांचं..." ती बोलता बोलता थांबली.

"वाढवीन," रेवप्पा हसून म्हणाला. "तुझ्या बोलीतलं."

तो उन्हाळाही कडकच निघाला. रोज ऊन उतरल्यावर रेवप्पा धोतर खोचून परसात जायचा, मडकी भरायचा, पाचट सारखं करायचा. मोगऱ्याच्या जागी त्यानं नवा मोगरा लावला होता. पहिल्या मोगऱ्याची फुलं त्याला येणार नव्हती, हे रेवप्पाला ठाऊक होतं. तरी तो त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ वाकलेला असायचा. दुकानापुढे टेकलेल्या गाडीवानांना आतून पुन्हा सरबताची कळशी येऊ लागली.

पाण्याची पातळी वीत वीत उतरत गेली. पहिल्यांदा धास्ती वाटली. मग झाडांकडे बघायची सवय लागली. धास्ती गेली.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी त्यानं बादली सोडली, ती दगडाच्या तळावर खणकन वाजली. अर्धी बादली निघाली. ती त्यानं नव्या मोगऱ्याला वाढली. कट्ट्यावर निंगव्वा बसली होती. तिनं विचारलं, "का हो शेटजी, टाकं वाढलं वाटतं?"

रेवप्पानं बादली पालथी घातली. हात पुसले. लिंबाच्या फांद्यांकडे एकदा पाहिलं, फळांनी त्या खाली आल्या होत्या. मग उभ्या जन्मात जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो स्वच्छ आवाजात म्हणाला.

"संपलं, निंगव्वा. सगळं कामी आलं. संपलं."

तात्पर्य: आभाळानं दिलेलं पाणी साठवावं ते तहानेच्या दिवसांत वाढण्यासाठी. जो नुसता काठ मोजत बसतो, त्याच्याकडे शेवटी गाळ उरतो. जो वेळेवर तळापर्यंत वापरतो, त्याच्याच टाक्यात पुढच्या पावसाला जागा असते.